घोटिंगाच्या ढोलीतला धनेश: झाड पाडावे की राखावे?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका कुळागरमालक (कुळागर म्हणजे पोफळींची बाग) ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. त्यांच्या कुळागराच्या वरच्या अंगाला, जेथे पोफळी संपून रान सुरू होते, तेथे घोटिंगाचे, म्हणजे बेहड्याचे, एक जुने झाड असून त्याच्या बुंध्यात बरीच उंचावर एक ढोली आहे. काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मोठ्या धनेशाची जोडी काही वर्षांपासून तेथे येते आणि यंदाही मादी फेब्रुवारीच्या अखेरीस आत बसली आहे. झाडाची एक जाड फांदी मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, छपरावर झुकली असल्यामुळे घरातील पुरुषमंडळींचा विचार पावसाआधी संपूर्ण झाडच काढून टाकण्याचा आहे. दुसरीकडे गावातील युवकांनी जूनमध्ये ‘धनेशांसाठी’ पाचशे रोपे लावण्याचे ठरवले आहे. एक झाड गेले आणि पाचशे आली, तर पक्ष्यांचे नुकसान कसे होईल, असे घरचे विचारतात आणि ताईंना त्याचे उत्तर देता येत नाही.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. झाड पाडू नका. जूनपर्यंत त्याच्या आसपास कोयता, करवत, धूर यांपैकी काहीही नेऊ नका. पिल्ले उडून गेल्यावर फक्त छपरावर आलेली फांदी जाणकाराकडून उतरवून घ्या. पाचशे रोपांचा बेत वाईट नाही, परंतु ती पाचशे रोपे या एका झाडाची जागा तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या हयातीत घेऊ शकणार नाहीत. गेली वीसेक वर्षे सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत घरट्यांच्या नोंदी ठेवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: गोव्यातील धनेशांचे भवितव्य जितके अभयारण्यांच्या सीमांवर ठरते, तितकेच ते तुमच्यासारख्या कुळागरांच्या कडेला उभ्या असलेल्या पोकळ झाडांवर ठरते.

आपण वर्णन केलेला पक्षी मलबारी कवड्या धनेश असावा. गोव्यात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांतील सर्वांत मोठा महाधनेश. त्याची मान पिवळसर, शेपटी पांढरी व तीवर काळा पट्टा असतो आणि उडताना त्याच्या पंखांचा आवाज दूरवर, वाफेच्या इंजिनासारखा ऐकू येतो. मलबारी कवड्या धनेश त्याच्याहून बराच लहान, पाठीने काळा, पोटाने पांढरा असून त्याच्या शेपटीची मधली पिसे काळी आणि कडेची पांढरी असतात. डोळ्याभोवतीची कातडी पांढरट दिसली तर ती मादी आणि निळसर काळी दिसली तर तो नर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मलबारी राखी धनेश फक्त सह्याद्रीत सापडतो आणि त्याचे खिदळल्यासारखे ओरडणे बहुतेक कुळागरकारांच्या परिचयाचे असते. चौथा साधा राखी धनेश, तो विरळ रानात व वस्तीजवळही दिसतो. कोकणपट्टीत अनेक ठिकाणी मोठ्या धनेशाला सरसकट ‘गरुड’ म्हणतात, त्यामुळे गावात कोणी ‘गरुड बसतो’ असे सांगितले तर तो धनेश असण्याची शक्यता आधी तपासावी. (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावरचा महाधनेश हा आपला शेजारीच होता. कारवारहून पिल्लू असताना आलेला ‘विल्यम’ १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षे सोसायटीच्या कार्यालयात राहिला.)

आता झाडाकडे वळू. धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. त्याची चोच अवजड दिसत असली तरी ती सुतारपक्ष्याची चोच नव्हे. त्याला तयार ढोली लागते, आणि अशी ढोली तयार व्हायला आधी वादळात किंवा तोडीत जाड फांदी मोडावी लागते, त्या जखमेतून बुरशी आत शिरून गाभा कुजावा लागतो, एखादा सुतारपक्षी ते तोंड रुंदावतो, आणि एवढे सगळे होऊनही बुंध्याचा घेर इतका उरावा लागतो की आतमध्ये मोठी मादी आणि तिची पिल्ले मावतील. यात कित्येक दशके जातात. शिवाय ढोलीचे तोंड फार रुंद चालत नाही, कारण मादीला ते लिंपून घ्यायचे असते, आणि तळ फार खोल चालत नाही, कारण आत बसून तिची चोच फटीपर्यंत पोचली पाहिजे. म्हणून रानात पोकळ झाडे दहा दिसली तरी धनेशाच्या उपयोगाचे त्यांत एखादेच असते, आणि म्हणूनच एक जोडी वर्षानुवर्षे त्याच झाडाकडे परत येते. वनीकरणाच्या भाषेत अशा झाडाला सदोष, कुजके, निकामी म्हटले जाते. लाकडाच्या हिशेबाने ते खरेही आहे. त्यामुळे जेव्हा ‘फक्त वाईट झाडे’ काढायची ठरते, तेव्हा धनेशाची घरे सर्वांत आधी जातात.

आत काय चालले आहे हे घरच्यांना समजावून सांगितले तर कोयता आपोआप खाली ठेवला जाईल, असा माझा अनुभव आहे. मादी ढोलीत शिरली की स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा आणि काही जातींत नराने आणलेली माती यांनी तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. आत बसल्यावर तिची उडण्याची पिसे झडतात व पुन्हा येतात, म्हणजे मधल्या काळात तिला कोणी बाहेर काढले तरी ती उडू शकत नाही. तेव्हापासून ती, अंडी आणि पुढे पिल्ले यांचे सगळे पोट एकट्या नरावर असते. तो घशात फळे साठवून आणतो आणि फटीपाशी बसून एकेक वर काढून तिच्या चोचीत देतो. पिल्ले मोठी होऊ लागली की फळांबरोबर सरडे, किडे, विंचू, उंदीर, क्वचित लहान पक्षी असा मांसाहारही येतो. महाधनेशाची मादी पिल्लाच्या आधी लेप फोडून बाहेर पडते आणि पिल्लू आतून फट पुन्हा बुजवून घेते. आपल्या कवड्या धनेशाची मादी मात्र पिल्ले उडायच्या सुमारापर्यंत आतच राहते. फेब्रुवारीत बसलेली मादी मे महिन्यापर्यंत, कधी जूनच्या तोंडापर्यंत, बाहेर येत नाही. या काळात नर मेला किंवा घाबरून येईनासा झाला, तर ढोलीत एक पक्षी मरत नाही, संपूर्ण कुटुंब मरते.

झुकलेल्या फांदीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मांगरात माणसे वावरतात. परंतु पोकळ झाड म्हणजे कोसळणारे झाड असे समीकरण करू नये. झाडाचा भार त्याच्या बाहेरच्या जिवंत कड्यावर असतो आणि गाभा पोकळ होऊनही झाड पुष्कळ वर्षे उभे राहू शकते. पाहायचे ते असे: बुंध्याच्या तळाशी, मुळांवर बुरशीच्या छत्र्या आल्या आहेत का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, सालीला वरपासून खालपर्यंत ताजी चीर गेली आहे का, आणि पालवी सर्व फांद्यांना येते का. ही लक्षणे नसतील तर मे-जूनमध्ये, पिल्ले उडाल्याची खात्री झाल्यावर, छपरावरची फांदी टप्प्याटप्प्याने, दोराने बांधून उतरवावी आणि काप ढोलीपासून शक्य तितका दूर ठेवावा. यंदा पाऊस लवकर आला आणि जोडी अजून आत असेल, तर छपरावरच्या त्या भागाखालचा वावर तेवढे दिवस बंद ठेवणे हा साधा उपाय आहे. आणि एक विनंती: झाड ‘वाचवायचे’ म्हणून ढोली सिमेंटने भरू नका. देवळांच्या आवारातील जुन्या झाडांवर हा उपचार मी वारंवार पाहिला आहे. त्याने पाणी आत कोंडते, कूज वाढते आणि ढोली कायमची जाते. बेहडा उद्या वठला तरी त्याचा खोड-सांगाडा धोका नसेल तोवर उभा राहू द्यावा.

कायद्याचे थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धनेश मारणे, पकडणे, त्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणे हा गुन्हा आहे, मग झाड खाजगी जमिनीत का असेना. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जमिनीतील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. (याच कायद्यातून २०१६ मध्ये माडाला ‘झाड’ या व्याख्येबाहेर काढले गेले होते आणि लोकांनी ओरड केल्यावर पुढच्या वर्षी तो परत आत आला, हे आपल्याला आठवत असेल.) परंतु कायद्याचा धाक दाखवून घरच्यांशी भांडण करू नये. धाकाने राखलेले झाड पुढच्या पिढीत पडते.

‘एक पक्षी गेला तर रानाचे काय बिघडते’ हा जो प्रश्न घरच्यांच्या बोलण्यामागे आहे, त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. आपल्या घाटाखालच्या सदाहरित रानातील पुष्कळ झाडांची फळे मोठ्या बियांची असतात. बुलबुल, तांबट, फुलटोचे ही मंडळी लहान फळांच्या बिया पसरवतात आणि ते कामही मोठे आहे. आपला राज्यपक्षी असलेला माणिककंठी बुलबुल त्यांतलाच. पण रानजायफळाची किंवा धुपाची बी बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. ती गिळायला रुंद जबड्याचा पक्षी लागतो. असे पक्षी आपल्याकडे मोजकेच आहेत, मुख्यतः धनेश आणि काही प्रमाणात राजकबुतरे. उदमांजर, वटवाघूळ आणि माकडे हातभार लावतात, परंतु माकड बी बहुधा जवळपासच टाकते आणि वटवाघूळ मोठे फळ उचलून नेले तरी फार दूर नेत नाही. धनेश फळ अख्खे गिळतो, गर पचवतो आणि मोठी बी काही वेळाने, अनेकदा दुसऱ्याच डोंगराच्या कुशीत, तोंडावाटे बाहेर टाकतो. वड-उंबरांच्या बारीक बिया त्याच्या विष्ठेतून पडतात.

बी दूर पडण्याला इतके महत्त्व का? मूळ झाडाखाली शेकडो बिया पडतात. त्यांच्यावर उंदीर, घुशी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या तुटून पडतात, उरलेल्या उगवतात त्या आईच्या सावलीत एकमेकींशी झगडत खुरटतात, आणि एका झाडावरचा रोग शेजारच्या रोपांवर सहज येतो. दूर पडलेल्या एकट्या बीला यांपैकी बरेच काही टळते. मोठी बी पसरवणारा पक्षी नाहीसा झाला तर रान दुसऱ्या दिवशी मरत नाही, आणि हीच फसगत आहे. जुनी झाडे फळत राहतात, पर्यटक हिरवेगार डोंगर पाहून खूश होतात, पण खाली त्या जातीची तरुण रोपे सापडत नाहीत. मी ज्या ज्या रायांत (देवरायांत) व रानांत फिरतो, तेथे आधी वर पाहत नाही, खाली पाहतो: गुडघ्याएवढी, कमरेएवढी, माणसाएवढी अशी एकाच जातीची वेगवेगळ्या वयांची रोपे आहेत की नाहीत. ती नसतील तर वरचा पक्ष्यांचा गजबजाट कितीही असो, काहीतरी तुटले आहे.

सत्तरीतच याचा नमुना पाहायला मिळतो. बांबर येथील निरंकाराची राय ही देवाच्या नावाने राखलेली जायफळ-कुळातील झाडांची पाणथळ राय आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्या झाडांची श्वसनमुळे ज्यांनी पाहिली आहेत, ते ती विसरत नाहीत. या कुळातील फळ पिकले की दुभंगते आणि काळसर बीभोवतीचे लालभडक जाळे दिसू लागते. ते जाळे स्निग्धांशाने भरलेले असते आणि धनेश ते मिळवण्यासाठीच बी गिळतो. आता घरातल्या मसाल्याच्या डब्याकडे वळा. बाजारात ‘रामपत्री’ म्हणून जे मिळते, ते रानजायफळाचे हेच वाळवलेले जाळे. सह्याद्रीत ते रानातून गोळा केले जाते आणि गोळा करणारा जेव्हा फळ तडकण्याआधीच फांदी झोडतो किंवा तोडतो, तेव्हा त्या वर्षीचे पक्ष्याचे अन्न आणि रानाचे बी दोन्ही एकाच पिशवीत जातात. रामपत्री वापरू नका असे मी म्हणणार नाही. फांदी न तोडता, तडकलेली फळे गोळा करून आणि निम्म्याहून अधिक झाडावर सोडून गोळा करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडूनच ती घ्यावी.

कवड्या धनेशाचे आणखी एक आवडते फळ ऐकून आपल्या घरी आश्चर्य वाटेल. काजऱ्याच्या बिया विषारी असतात हे कोणाही गोवेकराला सांगावे लागत नाही. पण त्याच काजऱ्याची नारिंगी फळे हा पक्षी आवडीने खातो, आणि काळी नदीच्या खोऱ्यात, दांडेलीकडे, याच्या नोंदी झालेल्या आहेत. विष बीमध्ये असते आणि बी अखंड बाहेर पडते. तेव्हा ‘भुताचे झाड’ म्हणून बांधावरचा काजरा काढण्याआधी एकदा त्याच्या फळांच्या हंगामात खाली उभे राहून वर पाहावे.

तरीही सगळ्यांत महत्त्वाचे अन्न म्हणजे वडवर्गीय झाडे: वड, पिंपळ, नांद्रुक, पिंपरी आणि आपली रुंबड, म्हणजे उंबर. या प्रत्येक जातीच्या फळात तिच्या ठरलेल्या जातीची इवलीशी गांधीलमाशी परागीभवन करते, आणि त्या माशीची पिढी खंडित होऊ नये म्हणून एका परिसरातील एकाच जातीची झाडेही वेगवेगळ्या महिन्यांत फळतात. परिणामी, रानातील इतर फळे संपलेल्या दिवसांतही कोठेतरी एखादा वड किंवा रुंबड लगडलेली असते. नर जेव्हा ढोलीतल्या तीन जिवांना एकटा पोसत असतो, तेव्हा हा आधार निर्णायक ठरतो. म्हणून मी घरट्याच्या झाडाइतकेच महत्त्व त्याच्या परिसरातील वडवर्गीय झाडांना देतो. तुमच्या गावात ओहळाच्या काठी किती रुंबडी आहेत आणि गेल्या दहा वर्षांत किती गेल्या, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. कित्येकदा घरटे शाबूत असूनही जोडी का येईनाशी झाली, याचे उत्तर ओहळाकाठी मिळते.

घाटावर रान आहे, अभयारण्ये आहेत, मग आमच्या कुळागराचेच काय घेऊन बसलात, असेही घरचे विचारतील. गोव्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे पाचवा हिस्सा संरक्षित आहे, हे खरे आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९ मध्ये जाहीर झालेली अभयारण्ये, त्यांच्या मध्ये भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला खोतीगाव, अशी ही साखळी कर्नाटकातल्या काळी खोऱ्याच्या रानाशी जोडली जाते. परंतु धनेश दिवसभरात अनेक किलोमीटर फिरणारा पक्षी आहे आणि फळझाडाचा माग काढताना तो अभयारण्याचा फलक पाहत नाही. सपाटीवरची मोठी झाडे, ओहळांचे काठ, देवराया आणि कुळागरे यांवर तो वर्षातील बराच काळ काढतो. उलट, साखळीतल्या रानातून रुंद मार्ग, वीजवाहिनी किंवा रूळ गेले की उंच झाडांचा छत्रीसारखा जोडलेला माथा तुटतो आणि त्या उघड्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना वारा व ऊन शिरून जुनी झाडे कोसळू लागतात. मोलेतील रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, त्या लढ्यात झाडांचे आकडे खूप बोलले गेले. माझ्या मते त्यांतील पोकळ झाडांचा वेगळा हिशेब व्हायला हवा होता, कारण हजार तरुण किंदळ आणि एक ढोलीचा बेहडा यांची बेरीज एकाच रकान्यात होत नाही.

वणव्याबद्दल दोन वाक्ये. काजूच्या बागा साफ करून पालापाचोळा जाळण्याचे दिवस आणि मादी ढोलीत कोंडलेली असण्याचे दिवस नेमके एकच आहेत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह अनेक डोंगरांवर पेटलेले वणवे आपण पाहिले. पोकळ झाड आतून धुराड्यासारखे पेटते आणि बाहेरून हिरवे दिसले तरी आतला जीव गुदमरतो. म्हणून घोटिंगाच्या बुंध्याभोवती पाच-सात मीटरचा पट्टा जानेवारीतच पाला झाडून मोकळा करून ठेवावा, आता मादी आत असताना तेथे वावर करू नये, आणि पाला जाळण्याऐवजी पोफळींच्या आळ्यांत टाकावा, जे चांगला कुळागरकार नाहीतरी करतोच.

छायाचित्रकारांचा विषय मला अधिक सविस्तर लिहावा लागतो आहे, कारण यात माझीही एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातील महाधनेशाचे घरटे मी एका परिचिताला, कौतुकाने, दाखवले. त्याने छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, मागे दिसणाऱ्या डोंगरावरून लोकांनी जागा ओळखली आणि पुढच्या रविवारी तेथे कॅमेऱ्यांच्या तिवयांची रांग लागली. नर चोचीत फळे घेऊन समोरच्या झाडावर पाऊण-पाऊण तास बसून परत जात असे. त्या वर्षी पिल्लू बाहेर आले की नाही याची नोंद मला करता आली नाही, पण पुढील हंगामात ती ढोली रिकामी राहिली. गर्दी हेच एकमेव कारण होते असे सिद्ध करणे शक्य नाही, तथापि तेव्हापासून मी घरट्याची जागा कोणालाही सांगत नाही आणि आपणही सांगू नये. पाहुण्यांना पक्षी दाखवायचाच असेल तर फळांनी लगडलेल्या वडापाशी दाखवावा. तेथे तो निवांत खातो आणि कोणाचे पिल्लू उपाशी राहत नाही. घरातल्यांनीही झाडाकडे पाहायचे तर निदान चाळीस-पन्नास मीटरवरून, आडोशाला बसून पाहावे, आणि नर समोर येऊन ओरडत किंवा ताटकळत राहिला तर ते आपल्याला निघून जाण्याचे सांगणे आहे असे समजावे.

आता पाचशे रोपांकडे. युवकांचा उत्साह वाया घालवू नका, पण आकडा कमी करा. रोपवाटिकेत जे मिळेल ते लावण्याचा परिणाम आपण परदेशी अकेशियाच्या रूपाने गोव्यातल्या डोंगरांवर पाहिलाच आहे. पन्नास रोपे लावा, ती रानातील फळझाडांची असू द्या, आणि तीन उन्हाळे त्यांना जगवा. बी कोठून आणायचे? धनेशाने ते तुमच्या झाडाखाली आणून ठेवलेलेच आहे. नर फळे ढोलीकडे आणत असल्यामुळे त्या काळातल्या बिया एकाच जागी ढिगाने पडतात. लोक तो ढीग पाहून ‘बघा, रान कसे पेरतो’ म्हणतात, पण खरी पेरणी तो वाटेत, फळझाड आणि विसाव्याच्या झाडांच्या दरम्यान करत असतो. घरट्याखाली उगवलेली बहुतेक रोपे दाटीमुळे मरणारच असतात. म्हणून पिल्ले उडून गेल्यावर तेथील बिया व कोवळी रोपे उचलण्यात काही गैर नाही. मात्र रानजायफळ, जांभूळ यांसारख्या ओल्या गराच्या बिया वाळवून डब्यात ठेवल्या की मरतात. त्या उचलल्यापासून काही दिवसांतच पिशवीत, सावलीत पेराव्यात. जायफळ-कुळातील रोपांना सुरुवातीची वर्षे सावली आणि ओल दोन्ही लागतात, तेव्हा ती उघड्या माळावर न लावता ओहळाकाठी, जुन्या झाडांच्या खाली लावावीत. वड व रुंबड यांची जाड फांदी पहिल्या पावसात रोवली तरी बहुधा धरते आणि गुरे पोचणार नाहीत एवढ्या उंचीची मिळाल्यास कुंपणाचा खर्चही वाचतो.

ढोल्यांची टंचाई भरून काढायला लाकडी पेट्या टांगाव्यात का, असे युवक विचारतील. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खचलेला तळ भरून किंवा तोंड दुरुस्त करून जुन्या ढोल्या पुन्हा वापरात आणल्या आहेत व कृत्रिम घरटीही लावली आहेत. परंतु तो वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानंतर, झाडावर चढण्याचे प्रशिक्षण असलेल्या लोकांनी केलेला उपाय आहे. आपल्याकडे जोवर नैसर्गिक ढोल्या तोडल्या जात आहेत, तोवर पेट्यांवर खर्च करणे मला पटत नाही. त्याच चमूकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट मात्र जरूर घ्यावी: थायलंडमधल्या बुडो टेकड्यांत पूर्वी पिल्ले चोरणारेच पुढे घरट्यांचे राखणदार झाले. आपल्या देशात अरुणाचल प्रदेशातील पक्के येथे न्यीशी समाजातील गावकरी, वन विभाग आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन यांनी एकत्र येऊन घरटी दत्तक घेण्याची योजना चालवली. शहरातील लोक वर्गणी देतात आणि गावातील राखणदाराला त्यातून मानधन मिळते. केरळात वाळच्चाल येथे काडर आदिवासी हे काम करतात. गोव्यात प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कागदावर तरी. तुमच्या समितीने गावातील घरट्यांच्या आणि मोठ्या वडवर्गीय झाडांची यादी, जागा जाहीर न करता, आपल्या नोंदवहीत घेतली आणि ज्यांच्या जमिनीत ती आहेत त्यांना वर्षाकाठी काही रक्कम देण्याचा ठराव केला, तर पुढच्या वेळी झाड पाडण्याचा विचार निघेल तेव्हा घरच्यांच्या हिशेबात दुसरी बाजूही असेल.

शेवटी, यंदाचा हंगाम हातचा जाऊ देऊ नका. शाळेच्या वहीत चार गोष्टी लिहा: मादी बसल्याचा अंदाजे दिवस, आठवड्यातून एकदा सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात नर किती वेळा आला, त्याने काय आणले (लाल, पिवळे, काळे, हिरवे एवढे लिहिले तरी चालेल), आणि लेप फुटल्याचा दिवस. खेपा एकदम निम्म्यावर आल्या किंवा दोन दिवस नर दिसलाच नाही, तर झाडाजवळ न जाता जवळच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना कळवा. लेपाचे काळपट तुकडे बुंध्याखाली पडलेले दिसले की लगेच फांदी तोडणाऱ्याला बोलावू नका. पिल्ले आठवडाभर आसपासच्याच झाडांवर बसतात आणि आईबाप त्यांना तेथेच भरवतात. तो आठवडा संपला की दोर, शिडी आणि करवत बाहेर काढा, आणि फांदी उतरवताना ढोलीच्या तोंडावर पडदा म्हणून एखादे गोणपाट बांधा, म्हणजे भुसा आत जाणार नाही. काम झाल्यावर ते सोडायला विसरू नका.